कॅमेरा घ्यावा, पण कोणता?

आमच्या विभागाने यंदा एक छोटा कॅमेरा विकत घ्यावयाचे ठरविले आहे. निर्मळ, भुईगाव, वाघोली, आगाशी या बाजूच्या वाड्या, विहिरी आणि फुलांचा धंदा यांची चित्रनोंद विद्यार्थ्यांनीच करावी, अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, पण कॅमेरा कोणता घ्यावा यावर वर्गात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की पेटीवर छापलेला शटरचा वेग पाहावा. जितका मोठा आकडा, तितका कॅमेरा चांगला. दुसरा तट म्हणतो, ऑटोफोकस चपळ असला म्हणजे झाले. मी दुसऱ्या तटातली आहे. ही बाजू मी आवडीने नव्हे, हिशेबाने घेतली आहे. कला शाखेच्या मुलीने गणित मांडले म्हणून प्राध्यापकांनी हसू नये.

शटरचा वेग म्हणजे प्रकाश आत सोडणारी खिडकी किती वेळ उघडी राहते ते. मोगऱ्याच्या कळ्या खुडणारा हात सेकंदाला 1 मीटर सरकतो असे धरू. (आमच्या आईचा जास्तच सरकतो.) खिडकी 1/60 सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात हात सुमारे पावणेदोन सेंटिमीटर पुढे जातो. बोटे पुसट येतात आणि कळी तर विरघळूनच जाते. 1/500 ठेवले तर हात जेमतेम 2 मिलिमीटर सरकतो, नखेसुद्धा स्पष्ट दिसतील. इथपर्यंत पहिल्या तटाचे म्हणणे मला मान्य आहे.

आता दुसरा हिशेब पाहा. आपण बटण दाबतो, मग कॅमेरा फोकस शोधतो, आणि त्यानंतर खिडकी उघडते. जुन्या, स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यात अंधुक प्रकाशात या शोधाशोधीत सहज अर्धा सेकंद जातो. अर्ध्या सेकंदात तोच हात अर्धा मीटर गेलेला असतो. कुठे पावणेदोन सेंटिमीटर आणि कुठे अर्धा मीटर! तीसपट फरक झाला. पुसट आलेला हात निदान हात तरी असतो. उशिरा निघालेल्या चित्रात नुसते झुडूप उरते.

यावर कोणी म्हणेल, की मग बाईला क्षणभर थांबायला सांगावे. इथेच तर माझे भांडण आहे. आमच्या घरात आईची दोनच धड छायाचित्रे आहेत, एक लग्नातले आणि एक सरकारी कार्डावरचे. दोन्हींत ती थांबलेली आहे. आयुष्यातली पंचवीस वर्षे जिने पहाटे चारला उठून फुले खुडली, पाटी डोक्यावर घेऊन नालासोपाऱ्याची गाडी पकडली आणि दादरच्या बाजारात ती विकली, ती बाई काम करताना एकाही चित्रात नाही. मी मोबाईल पुढे करून "आई, जरा थांब" म्हटले, की ती पदर सारखा करते, हात खाली सोडते आणि सरळ उभी राहते. काम तिथेच संपते. एकदा म्हणाली, "थांबू कशी? गाडी थांबणारे का माझ्यासाठी?" त्या पाटीवर माझी फी भरली गेली आहे, म्हणून विभागाच्या कॅमेऱ्याने निदान तिला थांबवू नये, एवढी माझी अपेक्षा आहे.

ही गोष्ट फार जुनी आहे. 1838 च्या सुमारास दागेर याने पॅरिसमधील एका वाहत्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. खिडकी काही मिनिटे उघडी ठेवावी लागली. परिणामी चालणारी माणसे, गाड्या, घोडे यांतले काहीच उमटले नाही. उमटला तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी बसलेला बूट पुसणारा, तोही जरा अस्पष्ट. जो थांबू शकतो त्याचेच चित्र निघते, हा नियम जणू त्या दिवशीच ठरून गेला. पुढे शटर वेगवान झाले आणि नियम ढिला पडला. पण 1977 साली कोनिकाने ऑटोफोकसचा पहिला छोटा कॅमेरा बाजारात आणला, आणि हळूहळू थांबण्याची गरज दुसऱ्या दाराने परत आली. त्याआधीच्या साध्या कॅमेऱ्यांत ही अडचण नव्हती. आपल्याकडे घरोघरी असलेला आग्फा क्लिक थ्री घ्या. एका रोळात 12 चित्रे, आणि फोकस कायमचा ठरलेला. शोधायचे काहीच नसल्यामुळे उशीरही नाही.

ऑटोफोकस दोन तऱ्हांनी चालतो, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही. पहिली तऱ्हा विहिरीत पडलेली बादली गळाने शोधण्यासारखी आहे. भिंग पुढे सरकवायचे, मागे सरकवायचे, चित्र कुठे सर्वांत ठसठशीत दिसते ते चाचपायचे, आणि पुढे गेलो असे कळले की पुन्हा मागे यायचे. भर उन्हात हे चटकन होते. पहाटेच्या दिव्यात गळ फिरतच राहतो. दुसऱ्या तऱ्हेला फेज डिटेक्शन म्हणतात. त्यात काठावर उभा राहून कोणीतरी "डावीकडे, दोन हात" असे सांगत असतो. भिंग कुठल्या दिशेला आणि किती सरकवायचे ते आधीच कळते. माहितीपत्रकात हा शब्द आहे की नाही, एवढे तरी पाहावेच.

पेटीवरच्या 1/16000 सारख्या आकड्याबद्दल मला मुळीच आदर नाही. तो बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरचा असतो. त्यात चित्र ओळीओळीने वाचले जाते, त्यामुळे धावती लोकल तिरकी येते आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात. शिवाय एवढा वेग वापरायला लख्ख ऊन लागते. कार्तिक वद्य एकादशीला आमच्या निर्मळच्या यात्रेत संध्याकाळी पाळणे फिरतात, दिव्यांच्या माळांखाली सुकेळी आणि सुकी मासळी विकली जाते. तिथे 1/125 मिळाला तरी देव पावला.

तो मिळेल की नाही हे शटरवर नव्हे, भिंगाच्या तोंडावर अवलंबून असते. एफ 1.8 चे भिंग एफ 3.5 च्या पावणेचारपट प्रकाश आत घेते. ज्या उजेडात पहिल्याला 1/60 मिळतो, तिथे दुसऱ्याला 1/15 वरच भागवावे लागते. लांबचा झूम देणाऱ्या कॅमेऱ्यांचे तोंड झूम वाढवताच आणखी अरुंद होते, म्हणून तीसपट झूमचा मोह मला नको वाटतो.

फोर्टातल्या एका दुकानात मी आणि माझी मैत्रीण एक साधी परीक्षा करून आलो. मोबाईलवर सेकंदाचे घड्याळ चालू करायचे आणि 5 चा आकडा दिसला की बटण दाबायचे. चित्रात 5 च्या पुढे किती उमटले ते टिपून ठेवायचे. आधी बटण अर्धे दाबून फोकस धरून ठेवावा आणि मग पुरते दाबावे. नंतर फोकस न धरता एकदम दाबावे. या दोन आकड्यांतील फरक हाच ऑटोफोकसचा वेळ. आपल्या बोटाचा उशीर दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. परीक्षा दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करावी, काउंटरच्या दिव्याखाली नव्हे. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण नाही म्हणत नाही.

अर्धे बटण दाबून ठेवण्याची युक्ती असताना चपळ ऑटोफोकसवर पैसे का घालावेत, असे आमचे एक सर म्हणाले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बाई एका झुडपाशी बसून खुडत असेल, तर ही युक्ती पुरते. काही कॅमेऱ्यांत 2 मीटरवर फोकस ठरवून ठेवता येतो, तेही उत्तम. तो क्लिक थ्रीचाच शहाणपणा आहे. पण पाटी घेऊन ती आपल्याकडे चालत येऊ लागली, की धरून ठेवलेला फोकस प्रत्येक पावलाला शिळा होतो. राहिला मोबाईल. उजेडात तो झकास आहे. मात्र अंधारात तो पुष्कळदा अनेक चित्रे एकावर एक रचून एक करतो, आणि हलत्या हाताची सावली होते.

तेव्हा विभागाच्या बैठकीत माझे मत असे राहील: थोडा जुना, वापरलेला चालेल, पण एफ 1.8 च्या आसपासचे भिंग आणि फेज डिटेक्शन असलेला कॅमेरा घ्यावा. शटर 1/2000 पर्यंत असले तरी पुरे. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी घ्यावी, कारण पहाटे चारला वाडीत चार्जिंगची सोय नसते, आणि चाफ्याची खुडणी उजाडायच्या आत आटोपते.