समुपदेशन ऑनलाइन, पण पलीकडे कोण?

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत एक रुग्ण हमखास भेटतो. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही. ईसीजी झालेला असतो, टूडी इको झालेली असते आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवले, की महिन्याभरात तो पुन्हा रांगेत उभा राहतो. थोडे बोलते केल्यावर कळते, की कंपनीत कामगारकपात सुरू आहे. किंवा दहावीतला मुलगा दोन महिन्यांपासून घरात कुणाशी धड बोलत नाही.

अशा माणसाला मोबाइलवर आता एक नवा दरवाजा दिसतो : घरबसल्या समुपदेशन. तो उघडावा का? उघडावा, मात्र आत कोण बसले आहे, हे पाहून.

गरजेबद्दल शंका नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूरला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ गेल्याचा बोभाटा होतो तो वेगळाच. फोनवरच्या समुपदेशनाने ही दोन्ही ओझी हलकी होतात.

केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीसह वीस भाषांत उपलब्ध आहे. पहिल्या टप्प्यावर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात. गरज भासल्यास तज्ज्ञांकडे आणि पुढे जिल्ह्यातील सेवेकडे पाठवावे, अशी रचना आहे. आतापर्यंत वीस लाखांहून अधिक फोन या सेवेकडे आले आहेत. लोक बोलायला तयार नाहीत, ही समजूत या आकड्याने तरी खोडून निघावी.

पडद्याआडून केलेले समुपदेशन खरोखर उपयोगी पडते का? सौम्य ते मध्यम चिंताविकार आणि नैराश्य यांत, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली ऑनलाइन दिलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (सीबीटी) समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास बरोबरीने गुण देते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. यातले ‘देखरेखीखाली’ आणि ‘प्रशिक्षित’ हे शब्द महत्त्वाचे. कुणाच्याही आधाराविना, नुसते अॅप उतरवून घेतलेले बहुतेक लोक ते काही दिवसांत सोडून देतात.

समुपदेशक डॉक्टरच हवा, असेही नाही. याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने तिथे केलेली ‘मानस’ चाचणी 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांना आरोग्य केंद्रांत बसवले गेले. सरकारी केंद्रांत त्यांची मदत मिळालेल्यांपैकी 65.9 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झाले होते. ही मदत न मिळालेल्या केंद्रांत हे प्रमाण 42.5 टक्के होते. मात्र त्या समुपदेशकांच्या पाठीशी केंद्राचे डॉक्टर होते आणि सल्ल्याला मनोविकारतज्ज्ञ होते. यश या साखळीचे होते.

खासगी ऑनलाइन बाजारात नेमकी हीच साखळी अनेकदा गायब असते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, त्याची वैद्यक परिषदेकडे नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आठवड्याचा अभ्यासक्रम केलेला माणूसही लावतो. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 मध्ये कायदा झाला. त्याची अंमलबजावणी रुग्णाला जाणवेल इतकी पुढे जाईपर्यंत चौकशीची जबाबदारी रुग्णावरच आहे. शिक्षण काय, नोंदणी कुठे, अडचण आली तर कोणाकडे पाठवणार, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. उत्तर टाळले गेले, तर दुसरा दरवाजा शोधावा.

पालकत्वाच्या प्रश्नांत आणखी एक गुंता आहे. बहुतेक पालक ‘मुलाला जरा समजावून सांगा’ म्हणून फोन लावतात. मूल बिघडलेले यंत्र आहे आणि समुपदेशक ते दुरुस्त करून देणार, ही अपेक्षा. प्रत्यक्षात लहान मुलांच्या वर्तनसमस्यांत सर्वाधिक उपयोग होतो तो पालकांना प्रशिक्षण दिल्याचा. एडीएचडी असलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या मार्गदर्शक सूचनाही औषधाआधी तेच सुचवतात. पालकांनी स्वतःसाठी सल्ला घ्यायचा तर ऑनलाइन माध्यम सोयीचे, कारण मुलाला झोपवून रात्री नऊला आई आणि बाबा दोघेही बसू शकतात.

किशोरवयीन मुलाचे मात्र वेगळे. त्याला एकांत हवा असतो, आणि दोन खोल्यांच्या घरात पडद्याआडचे सगळे ऐकू जाते. सासू-सुनेच्या तक्रारीचेही तेच. जिन्यात बसून दबक्या आवाजात बोलणाऱ्या बाईला मोकळे होता येत नाही. फोन नवऱ्याचा असेल, तर तेवढेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले, ते यासाठीही मोलाचे आहेत. मुलाला घराबाहेर बोलण्याची एक जागा हवी.

गोपनीयतेचा प्रश्न घरापुरता नाही. अमेरिकेतील ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने केला, आणि 2023 मध्ये कंपनीला 78 लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. पण अॅपवरची ‘सहमत’ची खूण न वाचता करणाऱ्याला तो हक्क आठवतो कधी?

शेवटी, शरीराचा भाग. चिंता वाटणाऱ्या प्रत्येकाला चिंताविकारच असतो असे नाही. थायरॉइड वाढलेले असले तरी धडधडते, घाम येतो, वजन घटते. रक्तक्षयातही धडधडते आणि थकवा येतो. बाळंतिणीच्या उदासीमागे कधी नैराश्य असते, कधी थायरॉइड, कधी दोन्ही. नाडी स्क्रीनवरून बघता येत नाही. म्हणून समुपदेशन सुरू करताना एकदा तरी जवळच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावे. आत्महत्येचे विचार, भास, घरातला हिंसाचार किंवा मुलाने स्वतःला इजा करणे, यांत ऑनलाइन सत्राच्या तारखेची वाट पाहू नये. माणसाला एकटे न सोडता रुग्णालय गाठावे. तातडीसाठी 112 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत.

सरकारपुढचे कामही इथेच आहे. फोनवरचा समुपदेशक ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ असे सांगतो, तेव्हा तिथे मनोविकारतज्ज्ञाचे पद भरलेले, औषध उपलब्ध आणि दरवाजा उघडा हवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून कागदावर त्यासाठीच आहे. धीर करून पहिल्यांदा फोन लावणारा माणूस दुसऱ्यांदा लावेलच असे नाही. त्याच्या पहिल्या फोननंतर काय होते, यावरच या सेवेचे मोजमाप व्हायला हवे.