ओट्याची उंची कोणाच्या मापाने?

गौरी-गणपतीच्या तोंडावर घरोघरी माळे आणि वरचे कप्पे उपसले जातात. त्याच दिवसांत मनगट सुजलेली, दुसऱ्या हाताने हात सावरलेली पन्नाशी-साठीची बाई अस्थिरोग विभागाच्या बाकावर दिसली की कारण विचारण्याआधीच कळते. मोदकपात्र काढायला ती प्लास्टिकच्या स्टुलावर चढली आणि स्टूल सरकले. पडताना माणूस नकळत हात टेकतो, आणि रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ झालेले मनगटाजवळचे हाड तिथेच मोडते. खुब्याचे मोडले तर पाळी शस्त्रक्रियेपर्यंत जाते. केस पेपरवर ‘घरात पडून दुखापत’ एवढीच नोंद होते. तो कप्पा तिथे कोणाला विचारून बसवला, हे त्या कागदावर येत नाही.

मॉड्युलर किचन ठरवताना लॅमिनेटचा रंग, चिमणी, ट्रॉल्यांचे स्टील यांवर आठवडाभर चर्चा होते. उंचीचा विषय मात्र अर्ध्या मिनिटात संपतो. ‘ओटा ३४ इंच’ असे कारागीर सांगतो आणि घरातले मान डोलावतात. आखीव कपाटांच्या आधुनिक स्वयंपाकघराचा ठळक आरंभ मानले जाते ते फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी ते आखले, तेव्हा काम करणाऱ्या बाईची पावले आणि श्रम वाचवणे हाच त्यामागचा हेतू होता. त्यात बसून काम करण्यासाठी फिरते स्टूलही होते. आपल्याकडे कपाटे तेवढी आली. स्टूल घेतले ते चढण्यासाठी.

हिशेब अवघड नाही. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर उभे असताना जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर असते. चिरण्याची जागा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी. म्हणजे तिच्यासाठी ३२ ते ३४ इंच ठीक आहेत. खरी अडचण शेगडीपाशी येते. ओट्यावर ठेवलेली शेगडी चारेक इंच उंची घेते, त्यावर कुकर किंवा कढई. भांड्याचा काठ कोपराच्या वर जातो, आणि भाजी परतताना रोज तास-दीड तास खांदा उचललेला राहतो. मान आणि खांदा धरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला व्यायाम सांगितले जातात. शेगडी किती उंचीवर आहे, हे क्वचितच विचारले जाते. शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेता येतो. सिंकचे उलटे असते. त्याचा तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली, म्हणून तो भाग थोडा उंचच हवा. नाहीतर भांडी घासताना कंबर वाकलेली राहते. कणीक मळायला मात्र जोर वरून लागतो, त्यासाठी जागा आणखी खाली लागते. एकाच पातळीचा लांबलचक ओटा चित्रात छान दिसतो, एवढेच.

वरच्या कपाटांचा तळ साधारण ५४ ते ५६ इंचांवर येतो. पाच फुटी बाईचा हात सहा फुटांच्या आसपास पोचतो, आणि मध्ये दोन फूट खोल ओटा असल्याने तेवढाही नाही. तिच्या कामाचा फक्त खालचा फळा. त्याच्या वर रोजची वस्तू नको, जड वस्तू तर नकोच. उतारवयात मान मागे टाकून वर पाहताच कानातल्या तोलाच्या दोषामुळे गरगरते, अशांची संख्या थोडी नाही. खाली दाराची खोल कपाटे केली तर मागचा डबा काढायला उकिडवे बसावे लागते, आणि गुडघे झिजलेल्यांना ते जमत नाही. पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर महाग पडतात, तरी खालच्या भागात पैसे तिथेच घालावेत. तांदळा-पिठाचे डबे मांडी ते कंबर या उंचीत असावेत. ओट्याखाली पायाची बोटे आत जातील अशी तीन इंचांची खाच ठेवली तर बाई ओट्याला लागून ताठ उभी राहते.

किचन आधीच बसले असेल तर तोडफोड नको. डब्यांची जागा बदलायला पैसे पडत नाहीत, आणि वर चढायचेच असेल तर धरायला दांडी असलेली, रुंद पायऱ्यांची शिडी घ्यावी.

सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर त्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. पाइपचा गॅस हलका असल्याने त्याला जाळी वर लागते.

आणि सिंकखालचे कपाट. फिनेल, संडास साफ करायचे अॅसिड, झुरळांचे औषध, सगळे तिथेच. रांगणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर, बिनकुलपाचे. वर ठेवण्यासारखी वस्तू घरात असेल तर ती हीच. मुलाने काही प्यायलेच तर बोटे घालून ओकारी काढू नये. अॅसिड किंवा रॉकेल उलटताना अन्ननलिका आणि फुफ्फुसांना आणखी इजा करते. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.