उपग्रहाचा फोटो मानत नाही, मग मोबाईलचा कसा मानतो?



वनहक्काचे दावे तपासताना साहेब लोक उपग्रहाचा फोटो पुढं करतात. म्हणतात, 13 डिसेंबर 2005 च्या आधी इथं शेत नाही, झाडीच दिसते, दावा नामंजूर. तेव्हा आपण गप्प बसतो का? विचारतो, फोटो कोणत्या महिन्यातला? शेतातच मोह-आंबा उभा आहे, वरून झाडीच दिसणार. म्हाताऱ्यांचा जबाब घ्या, बांध बघायला या. कायदाही आपल्याच बाजूनं आहे. 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय की उपग्रहाचं चित्र दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही.

साहेबाला एवढं उलटं विचारणारे आपण. आणि खिशातल्या फोनला? त्याला एक प्रश्न नाही!

2018 साली एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. व्हिडिओ मूळचा पाकिस्तानातल्या कराचीचा, आईबापांना सावध करायला एका संस्थेनं बनवलेला. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात नि पाटी दाखवतात. तो शेवटच कोणीतरी कापून टाकला, आणि पोरं पळवणारी टोळी आली म्हणून पुढं ढकलला.

अशाच अफवेवर 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं ठार मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत आलेले. बाजाराचा दिवस. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ज्या पंचायतीत आपण न्याय मागायला जातो, तिथंच. गाव आदिवासी, आणि मेलेलेही आपल्यासारखेच पोटासाठी वणवण करणारे. एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला परत तेच झालं. चोर-टोळीची अफवा, आणि दोन साधू नि त्यांचा ड्रायव्हर असे तिघं ठार. मग त्या खुनाला हिंदू-मुसलमानाचा रंग लावून फोनवर दुसरी अफवा सुटली. बदनाम कोण? आदिवासी. तुरुंगात कोण? पाड्यावरची माणसं. मेसेज बनवणारा कुठं बसलाय, ते आजवर कोणी आपल्याला सांगितलेलं नाही.

कोणी म्हणेल, फोन नसता तर लाँग मार्च मुंबईला कसा कळला असता? बरोबर आहे. मार्च 2018 मध्ये रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो घराघरांत गेले, मुंबईकर पाणी नि चपला घेऊन रस्त्यावर आले. (एका खासदारांना मात्र त्याच मोर्चात शहरी माओवाद दिसला.) पण नाशिकपासून 180 किलोमीटर माणसं चालली ती फोटो बघून नव्हे. गावोगाव बैठका झाल्या, शिधा गोळा झाला, म्हणून चालली. सरकारकडून लेखी आश्वासन घेतलं ते त्या पायांनी. ते पुरं होईना म्हणून 2019 ला नि 2023 ला परत निघावं लागलं. तोवर फोनवाले दुसऱ्या फोटोंत रमले होते. आपली काही पोरंही आता म्हणतात, ग्रुपवर टाकलं, झालं काम. कसलं काम झालं, बाबा?

तारीख तर पहिल्यांदा बघा. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवायला सांगितलं. 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं स्थगिती दिली. पहिली बातमी तारीख काढून कधीही परत फिरवता येते. ती वाचून एखाद्यानं घाबरून पेरणी थांबवली, तर रिकाम्या जमिनीवर खड्डे मारायला फॉरेस्टवाले टपलेलेच आहेत.

म्हणून आमचं म्हणणं आहे, जमिनीबद्दलचा कुठलाही मेसेज आधी ग्रामसभेत वाचायचा. कोणी पाठवला, कधीचा, कोणत्या कागदावरून, हे पाठवणाऱ्यानंच उभं राहून सांगायचं. सांगता येत नसेल तर तो पुढं जाणार नाही. पोरं पळवायला कोणी आलं म्हणून ऐकलं तर आधी त्या माणसाला पाणी द्या, नाव-गाव विचारा, पोलीस पाटलाला बोलवा.

आणि नामंजुरीचं पत्र आलेल्यांनी त्याचा फोटो टाकून थांबू नये. कारण लेखी द्यावंच लागतं, आणि अपिलाला 60 दिवस असतात. मूळ पत्र, पाकिटासकट, ग्रामसभेला घेऊन या. ते हातात कधी पडलं ती तारीख मागं लिहून ठेवा.