रिटायरमेंट होम, एजंट आणि खरं गिऱ्हाईक

रिटायरमेंट होम घेताना एजंटची मदत जरूर घ्यावी, पण ती घरापुरतीच. त्या घरात आई-बाबांचे पुढचे दिवस कसे जातील याबद्दल तो जे काही सांगतो, ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यावं. हे माझं मत आधीच सांगून टाकतो, मग त्यावर निवांत भांडूया.

गेले चार महिने मी आई-बाबांसाठी पुण्याच्या आसपास असं घर शोधतोय. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आई घरी शिवणकाम करायची. दोघं सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. कल्पना आईची आहे, माझी नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण "आई-बाबांना तिकडे पाठवतोयस होय?" असं विचारणारे दोन मित्र आणि एक मावशी भेटून गेलेत. आईचं म्हणणं एवढंच आहे की स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, गुडघा दुखतोय आणि गप्पा मारायला माणसं हवीत. बाबांचं म्हणणं, आई म्हणते तसं. असो.

तर एजंट. पुण्यात आता त्यांना कोणी एजंट म्हणत नाही, 'चॅनेल पार्टनर' म्हणतात, थोडक्यात सीपी. नव्या प्रोजेक्टमध्ये तो आपल्याकडून एक पैसाही घेत नाही, उलट गाडी पाठवतो, साइटवर चहा-सँडविच देतो. आपल्याला वाटतं, काय सज्जन माणूस आहे! पण त्याचे पैसे बिल्डर देतो, आणि देतो ते सौदा झाल्यावर. म्हणजे तो बिल्डरचा माणूस झाला. यात गैर काहीच नाही, फक्त आपण ते विसरायचं नाही.

साइटवर गेल्यावर रिसेप्शनला पहिला प्रश्न विचारतात, "कोणाकडून आलात?" तुमचा मोबाईल नंबर एकदा एखाद्या सीपीच्या नावावर चढला, की पुढचे ठरावीक दिवस तुम्ही त्याचे. त्या काळात फ्लॅट घेतलात तर कमिशन त्याचं, मग नंतर दुसऱ्या कोणी कितीही मेहनत घेवो. म्हणून तर पहिल्याच फोनवर "सर, शनिवारी येताय का?" ही घाई असते. तुमच्या गरजा ऐकून घेण्याआधी तुमचा नंबर टाकणं त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचं असतं. त्यामुळे मी एक नियम केलाय: आधी कागद व्हॉट्सॲपवर, मग साइट. निम्मे एजंट इथेच गळतात.

आता हिशोब. आपल्या जमातीला एक्सेल उघडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा फ्लॅट ७० लाखांचा आहे. एजंटला बिल्डर ३ टक्के देतो असं धरलं तर त्याचे झाले २ लाख १० हजार. इथवर सगळे बोलतात. पण अशा ठिकाणी मेंटेनन्स, दोघांचं जेवण, साफसफाई, नर्सची सोय हे सगळं धरून महिन्याला, समजा, २५ हजार लागतात आणि ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतात. दहा वर्षांनी महिना ५४ हजार होतो. पंधरा वर्षांनी ७९ हजार. वीस वर्षांची बेरीज मारली तर १ कोटी ३७ लाख! म्हणजे खरी मोठी खरेदी ही आहे, फ्लॅट त्यामानाने किरकोळ. आकडे माझे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका, पण चित्र फारसं बदलत नाही. आणि या दुसऱ्या खरेदीवर एजंटला दमडीही मिळत नाही. मग तो त्याबद्दल कशाला बोलेल? मी पाच जणांना विचारलं, "मेंटेनन्स दरवर्षी किती वाढू शकतो, हे करारात कुठे लिहिलंय?" तिघांनी "नॉमिनल असतो सर" म्हटलं. एकाने "ते सोसायटी ठरवते" म्हटलं. एकाने विषय बदलून क्लब हाउस दाखवलं.

याच्याही पुढचा प्रश्न कोणाला विचारवत नाही. दोघांपैकी एकच माणूस राहिलं तर? जेवणाचे पैसे निम्मे होतील, पण मेंटेनन्स चौरस फुटावर असतो, तो तेवढाच राहतो. बाबांची पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के आहे. त्यांच्यामागे आईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे ३० टक्के. म्हणजे उत्पन्न उतरणार आणि खर्च त्या प्रमाणात उतरणार नाही. हे मी जेवणाच्या टेबलावर काढलं तेव्हा दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग बाबांनीच डायरी आणली आणि आकडे लिहून घेतले. ब्रोशरवरच्या हसऱ्या आजी-आजोबांच्या फोटोपेक्षा मला ती डायरीतली पानं जास्त उपयोगाची वाटतात.

पण पैशांपेक्षाही मला जास्त खटकलं ते वेगळंच. एजंट बोलतो माझ्याशी. पगार माझा, लोन माझं, म्हणून गिऱ्हाईक मी. गाडीत मला पुढे बसवतात, आई-बाबा मागे. "सर, पेरेंट्स इथे एकदम सेफ राहतील, तुम्ही ऑफिसमध्ये निर्धास्त," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते त्यांच्या ट्रेनिंगमध्येच असावं. हे वाक्य आई-बाबांसाठी नाहीच, ते माझ्या मनातल्या टोचणीसाठी आहे. परदेशात असलेल्या मुलांवर तर ते फारच लागू पडत असेल. माझा एक मित्र न्यू जर्सीत आहे, त्याने व्हिडिओ कॉलवरच घर पसंत केलं. घर छान आहे, पण त्याच्या वडिलांनी ते बुकिंग झाल्यावर पाहिलं. आपण ऑफिसात कंठशोष करून सांगतो की एंड युजरला विचारल्याशिवाय स्क्रीन बनवू नका, आणि इथे एंड युजर मागच्या सीटवर!

मग दुसऱ्या खेपेपासून मी मागे बसायला लागलो. फरक लगेच पडला. एका सॅम्पल फ्लॅटमध्ये मी मॉड्युलर किचन बघत होतो आणि आईने पर्समधून शिवणाची टेप काढून बाथरूमचं दार मोजलं. भरलं २८ इंच. माझी आजी शेवटची दोन वर्षं व्हीलचेअरवर होती, त्यामुळे आईला हा हिशोब तोंडपाठ आहे. एजंट हसून म्हणाला, "काकू, तुम्हाला आत्ता कुठे व्हीलचेअर लागतेय!" आई म्हणाली, "आत्ता लागत नाही म्हणून तर आत्ता मोजतेय."

गंमत म्हणजे या बाबतीत आईच्या बाजूने चक्क नियम आहे. महारेराने मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. दारं किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच रुंद आणि बिनउंबऱ्याची हवीत. लिफ्ट हवी आणि व्हीलचेअर सगळीकडे फिरायला हवी. न्हाणीघरात धरायला दांड्या आणि न घसरणाऱ्या फरशा हव्यात. नुसतं ब्रोशरवर 'सीनियर लिव्हिंग' छापून भागत नाही, या तरतुदी विक्री करारातही यायला हव्यात. मी त्या एजंटला हे सांगितलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे "बघून सांगतो सर" म्हटलं. अजून बघतोय :)

कायद्याचं बाकी थोडक्यात. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे एजंटचीही नोंदणी लागते. महाराष्ट्रात प्रकल्पाचा नंबर 'पी'ने सुरू होतो आणि एजंटचा 'ए'ने. दोन्ही महारेराच्या साइटवर तपासता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. २०२३ पासून तर एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नंबर मागितल्यावर जो रागावतो त्याला तिथेच नमस्कार करावा. आणि "आज टोकन टाका, उद्या भाव वाढतोय" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने बंदी आहे. घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हे मला एकाही एजंटने आपणहून सांगितलं नाही. मी सांगितल्यावर मात्र सगळे म्हणाले, "हो हो, ते आहेच."

आता थोडं एजंटांच्या बाजूने, नाहीतर म्हणाल हा नुसता कुरकुरतोय. मला सर्वांत उपयोगी पडल्या त्या रीसेलचं काम करणाऱ्या एक बाई. त्या आमच्याकडून सरळ १ टक्का घेणार आहेत, समोरच्याकडूनही घेतील, आणि हे त्यांनी पहिल्या फोनवरच सांगितलं. त्यांनी आम्हाला नवीन काहीच दाखवलं नाही, चालू असलेल्या वसाहतींत नेलं, तेही दुपारी साडेबारा वाजता, मुद्दाम जेवणाच्या वेळी. "डायनिंग हॉलमध्ये बसा आणि लोक काय बोलतात ते ऐका," म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी अर्ध्या तासात सगळं सांगितलं. केटरर वर्षात दोनदा बदलला, रात्री नर्स असते पण डॉक्टर नाही, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर पलीकडच्या गावात राहतो. आणि तरीही ते म्हणाले, "मुलाकडे परत जाणार नाही, इथे माझा ब्रिजचा डाव आहे." हे कुठल्या ब्रोशरमध्ये मिळणार?

त्यामुळे माझं आता पक्कं मत झालंय की रिटायरमेंट होम बांधकाम चालू असताना घेऊच नये. पुण्यात अशा वसाहती आता नव्या राहिलेल्या नाहीत, 'अथश्री'सारखं नाव तर शहरात घरोघरी माहीत आहे, म्हणजे वापरात असलेलं बघायला मिळतं. तयार घरावर ५ टक्के जीएसटी लागत नाही हा फायदा आहेच, पण मुख्य मुद्दा वेळेचा. माझ्या वयात पझेशन तीन वर्षं लांबलं तर भाडं आणि चिडचिड, एवढंच. बाबा ६२ चे आहेत, आईचा गुडघा आणखी तीन वर्षं तिसरा मजला चढणार नाही. रेरात उशिराबद्दल व्याज मिळतं, पण आईच्या त्या तीन वर्षांचं व्याज कुठल्या खात्यात जमा करणार?

रीसेलमध्ये मात्र बाहेर पडण्याचे नियम आधी वाचावेत. बहुतेक ठिकाणी राहणाऱ्याचं किमान वय ५५ किंवा ६० असतं. म्हणजे उद्या घर वारशाने माझ्याकडे आलं तरी मला तिथे राहता येणार नाही, आणि विकायचं तर गिऱ्हाईकही कमी. सहकारी सोसायटी असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतराच्या प्रीमियमवर २५ हजारांची मर्यादा आहे. पण वसाहत कंपनी चालवत असेल तर करारात काय लिहिलंय तेच खरं. काही ठिकाणी तर घर नावावर होतच नाही, मोठी अनामत देऊन फक्त राहण्याचा हक्क मिळतो. एजंट दोन्हीला 'घेणं' म्हणतात, म्हणून कराराचा मसुदा आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा. बिल्डरच्या पॅनेलवरच्या नव्हे, आपल्या.

सध्या आम्ही काहीच घेतलेलं नाही. त्या बाईंनी एका वसाहतीत दोन महिन्यांसाठी भाड्याने एक फ्लॅट बघून दिलाय. पुढच्या महिन्यात आई-बाबा तिथे राहून बघणार आहेत. आईने शिवणाचं मशीन न्यायचं ठरवलंय, बाबांना ब्रिज येत नाही, ते शिकायचं म्हणतात. नव्या प्रोजेक्टवाले एजंट मला अजून फोन करतात. मी त्यांना आईचा नंबर देतो. एकानेच तो लावला आणि त्याला दाराची रुंदी विचारली गेली.