अस्सल पंगत

परक्या देशीच्या खाद्यगृहाची थोरवी गाताना लोक 'अस्सल' हा शब्द हटकून वापरतात. जपानातील योकोहामा शहरी फ्रेंच भोजनास बसावयाचे, तर हा शब्द जरा पारखून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

१९२३ च्या सप्टेंबरातील भूकंपाने हे बंदर जमीनदोस्त केले. पडक्या घरांचा ढिगारा समुद्रात भरून किनाऱ्यावर जे यामाशिता उद्यान झाले, त्याच्या समोरच हॉटेल न्यू ग्रँडची वास्तू आजही उभी आहे. ते १९२७ च्या डिसेंबरात उघडले. परदेशचे पाहुणे पुन्हा या शहरी यावेत, हा त्यामागील हेतू. त्याचा मुदपाकखाना सॅली वाइल नावाच्या स्विस आचाऱ्यावर सोपविण्यात आला.

त्या काळी अशा ठिकाणचे भोजन म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणारी ताटे आणि अंगात ताठ पोशाख. वाइलसाहेबांनी हे जोखड सैल केले. पाहुण्याने यादीतून मनाजोगा पदार्थ निवडावा. इतकेच नव्हे, तर यादीबाहेरचे काही हवे असल्यास मुख्य आचारी तेही करून देतील, अशी सूचना त्यांनी यादीवरच घातली.

ती नुसती शोभेची नव्हती. हॉटेलात उतरलेले एक बँकर आजारी पडले व घशाखाली सहज उतरेल असे काही मागू लागले, अशी हकीकत तेथे सांगतात. वाइलसाहेबांनी लोणी घातलेला भात घेतला, त्यावर मलईच्या सॉसात शिजविलेली कोळंबी पसरली, वर चीज घातले आणि भांडे भट्टीत लावले. हाच 'दोरिया'. आज तो जपानभर साध्या उपाहारगृहांतूनही मिळतो. तेथे शिकलेल्या जपानी आचाऱ्यांनी गुरूची विद्या इतर शहरांतही नेली.

फ्रान्सच्या पाकग्रंथांत हा पदार्थ शोधू जाल, तर मिळणार नाही. मग तो नकली म्हणावा काय? सॉसाची रीत फ्रेंच, भात त्या भूमीचा आणि निमित्त एका दुखणाईताचे. विद्या पक्की होती, म्हणूनच आचाऱ्यास ती वाकविता आली; कच्च्या हाताला पुस्तक सोडवत नाही.

सर्वांचे जेवण चुलीवर असतानाच दुखणाईतासाठी निराळी पेज शिजत घालणाऱ्या आमच्या घरोघरच्या मातांस यात नवल वाटणार नाही.