दम्याचा पंप शाळेतही हवा

पुणे-आळंदी रस्त्यावरील अखंड वाहतूक आणि शेजारच्या भोसरीची औद्योगिक वसाहत यांच्या सान्निध्यात दिघी वसली आहे. धूर, धूळ आणि थंड हवा यांनी दमा बळावतो, हे सर्वश्रुत आहे. तथापि दम्याचे मूल ज्या शाळेत दिवसाचे पाच-सहा तास घालविते, तेथे त्याला धाप लागल्यास काय करावे, याचा विचार अभावानेच झालेला दिसतो. सर्वसाधारण रीत अशी की, पालकांना दूरध्वनी करावा आणि वाट पाहावी. कारखान्यात पाळीवर असलेले आईवडील तासाभराने पोचतात. आवळलेल्या श्वासनलिका तेवढी उसंत देतीलच असे नाही.

उपाय दुर्मिळ नाही. १९६९ साली बाजारात आलेले साल्ब्युटामॉल श्वासावाटे घेतले की, काही मिनिटांतच श्वासनलिका सैल होऊ लागतात. गोळीच्या मानाने अत्यल्प मात्रा थेट फुप्फुसांत पोचते. तरीही ‘पंपाची सवय लागते’ या निराधार समजापायी मुलाचा आजार शाळेपासून लपविला जातो.

यातील हिशेबही पाहण्यासारखा आहे. एका पंपाची किंमत कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी आहे. शाळेने तो न ठेवल्याने खर्च वाचत नाही. तो खाड्याच्या रूपाने कामगाराच्या आणि बुडालेल्या अभ्यासाच्या रूपाने मुलाच्या माथी बसतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीत श्वसनविकारांचा समावेश आहे. परंतु वर्षातून एकदा होणारी तपासणी रोग हुडकते. धाप लागलेल्या क्षणी ती उपयोगी पडत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना आणीबाणीसाठी पंप बाळगण्याची मुभा आहे.

जनगणना आणि निवडणुकांच्या कामांनी वाकलेल्या शिक्षकांवर आणखी भार कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण शिक्षकाने रोगनिदान करावे, अशी अपेक्षा नाही. प्रत्येक दमेकरी मुलासाठी डॉक्टरांची लेखी सूचना व पालकांची संमती, कार्यालयात पंप आणि स्पेसर नावाची नळी, तसेच थोडेसे प्रशिक्षण एवढे पुरे आहे. मुलाला आडवे न करता बसते ठेवावे, एकटे सोडू नये, आणि आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे शिपायासही शिकविता येईल.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या स्वतःच्या शाळा आहेत आणि यशवंतराव चव्हाण रुग्णालयही तिचेच आहे. या दोहोंची सांगड घालण्यास नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. प्रारंभ दिघीसारख्या उपनगरातूनच व्हावा.