तंबूत नियम चालत नाहीत म्हणे!



नाताळच्या सुट्टीत चांदोलीला जायचं ठरतंय. घरातून पहिलंच वाक्य आलं, "ट्रीपला कसले नियम? रात्री शेकोटीभोवती जेवायचं, तीच तर मजा!" वर बटाटे भाजायचे म्हणे.

मला हे अजिबात पटत नाही. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. आमचा मुक्काम बाहेरच्या गावात. जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याने सांगितलं की शिस्त, आणि आजेसासूबाई विस्तवावर झेपावून जळणारे किडे दाखवून तेच सांगायच्या, ते जुनाट?

"नियम पाळायचे म्हणजे बायकांचे हाल," हे मात्र खरं. माझं खरं भांडण तिथेच आहे. नियम सगळ्या घराचा, मग पाणी गाळायचं, पाच वाजता दशम्या-चटणीचे डबे मांडायचे काम एकटीचंच का? यावेळी गाळणं लेकाकडे, डबे ह्यांच्याकडे. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की रात्री ना चूल, ना खरकटी भांडी. मग मीही चांदणं बघत बसेन. आजवरच्या सहलींत मी फक्त पातेली बघितलीत!

ज्याला शेकोटीच हवी त्याने खुशाल कोल्हापुरात राहावं. तंबू माझ्या नावावर बुक झालाय.